सातव्या ओळीवरची पट्टी

मी एक जुना, फुटक्या तोंडाचा मॉनिटर आहे. मित्रांनो, तुम्ही सहलीला येता, या तंत्रशाळेच्या व्हरांड्यात माझ्यासमोर रांगेने उभे राहता, आणि तुमच्यातला कुणीतरी हमखास विचारतो, "सर, हा टीव्ही कुणी फोडला?" पहिली गोष्ट म्हणजे मी टीव्ही नाही. माझ्यावर आयुष्यात कधी गाणं लागलं नाही की क्रिकेटची मॅच लागली नाही. दुसरी गोष्ट, मला कुणी फोडलं ते आज मीच सांगणार आहे. तुमच्या सरांना ते ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते कागदावर वेगळंच लिहून ठेवलं.

माझा जन्मच मारहाणीत झाला. काचेच्या कारखान्यात वितळलेला रस लोखंडी साच्यात ओतला, वरून दणका दिला आणि माझं तोंड तयार झालं. मग माझ्या पोटातली सगळी हवा ओढून काढली. तेव्हापासून बाहेरची हवा मला चहूबाजूंनी दाबत आली आहे. माझ्यासारखी काचेची चित्रनळी फुटली तर आधी आत कोसळते आणि मग तिच्या काचा गोळ्यांसारख्या बाहेर उडतात. त्या किती लांब उडतात हे पाहायला शंभरातल्या पाच नळ्या एका बंद खोलीत नेत आणि वरून लोखंडी गोळा सोडत. मी भिंतीच्या अलीकडे रांगेत उभा होतो आणि माझ्याबरोबर जन्मलेले पाचजण एकेक करून फुटताना ऐकत होतो. आम्हाला तपासणारा कारागीर एका डोळ्याने अधू होता. तो डोळा माझ्यासारख्याच एका नळीने घेतला होता. तरी तो प्रत्येकाच्या पाठीवरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, "जप रे बाबा. आणि आम्हालाही जप." माझ्या तोंडापुढे आणखी एक जाड काच बसवली, ती माणसांना माझ्यापासून वाचवण्यासाठी. माणसांपासून मला वाचवायला कुणी काही बसवलं नाही.

मला नेमलं ते एका मोठ्या शहराच्या मदतकेंद्रात. कुठे आग लागली, कुठे अपघात झाला, कुणाच्या छातीत दुखलं, की लोक फोन करत आणि तो फोन इथे वाजे. फोन घेणाऱ्या बायका पत्ता टाइप करत. शेजारच्या थंडगार खोलीत आठ कपाटांएवढा एक संगणक, म्हणजे मेनफ्रेम होती. तिला सगळे 'थोरला' म्हणत. थोरला तो पत्ता घेई, जवळची गाडी कोणती ते शोधी आणि तिला वायरलेसवर हुकूम सोडी. अख्ख्या शहराचा जीव थोरल्याच्या हाती होता, आणि थोरल्याचा जीव कसा आहे हे माझ्या काचेवर दिसे.

माझ्यावर बारा ओळी होत्या. वरच्या सात म्हणजे शहराच्या सात भागांतून फोन येण्याच्या सात वाटा. आठवी गाड्यांची, नववी नकाशांची, दहावी छपाईची. अकरावीत थोरल्याची मेमरी किती भरली ते कळे आणि बारावीत डिस्कवर किती जागा उरली ते. थोरला दर अर्ध्या मिनिटाला सगळ्यांना हाक मारी. जो वेळेवर ओ देई त्याच्यापुढे मी हिरव्या अक्षरांत 'चालू' लिही, जो रेंगाळे त्याच्यापुढे पिवळं 'मंद', आणि जो गप्प राही त्याच्यापुढे लाल 'बंद'. शेजारी त्याच्या शेवटच्या उत्तराची वेळ. लाल झालं की माझी शिट्टी वाजे. तुमच्या वर्गात गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा एक मॉनिटर असतो ना, त्याचं काम आणि माझं काम एकच. मधल्या सुट्टीत मार कुणाला बसतो हेही तुम्हाला माहीतच आहे.

मार मला रोज बसे. माझं चित्र अधूनमधून थरथरायचं आणि उजव्या अंगाला थप्पड मारली की ठिकाणावर यायचं, असा शोध कुणीतरी पहिल्याच आठवड्यात लावला. त्यानंतर येणारा जाणारा मला हाणू लागला. पाळीप्रमुख आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची थप्पड दणदणीत, हाडं खिळखिळी करणारी. फोन घेणाऱ्यांमध्ये सर्वांत जुन्या होत्या काकू. त्या दोन बोटांनी टकटक करत, दार उघडायला सांगावं तशी, आणि खरं सांगतो, मी त्या दोन बोटांनाच जास्त लवकर ऐकायचो.

पण मास्तर माणूस कामाचे होते, हे मी नाकारणार नाही. एकदा रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला. छप्पर उडून शेजारच्या गल्लीत पडलं, उकळत्या पाण्याने माणसं सोलून निघाली, आणि दहा मिनिटांत तीनशे फोन आले. थोरल्याची मेमरी भरत चालली. माझी अकरावी ओळ पिवळी झाली. मास्तर माझ्याकडे टक लावून उभे होते. लाल व्हायच्या आत ते ओरडले, "छपाई बंद करा. कागद नंतरही निघतील, माणसं निघणार नाहीत." दहावी ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली, मेमरी मोकळी झाली, थोरल्याने दम घेतला आणि सत्तावीस गाड्या वेळेवर सुटल्या. दुसऱ्या दिवशी साहेब पाहुणे घेऊन आले आणि मला दाखवत म्हणाले, "हा आमचा डोळा." मास्तर मागे उभे राहून हसत होते. त्या दिवशी मला कुणी मारलं नाही.

आता सातव्या ओळीकडे येतो. सातवी वाट पुलापलीकडच्या भागाची. तिकडे कापडाचे, शिवणकामाचे लहान लहान कारखाने होते, एकावर एक मजले चढवलेले. त्या वाटेचा केबल-डबा पुलाच्या तोंडाशी उन्हात तापायचा. दुपार झाली की थोरल्याच्या हाकेला त्याचं उत्तर दोनचार सेकंद उशिरा यायचं. तेवढ्यात मी लाल. शिट्टी. फोन मात्र व्यवस्थित चालू असायचे. वायरमन चौदा वेळा जाऊन आला. गेला, डबा उघडला, फुंकर मारली, "काही नाही हो" म्हणाला आणि चहा पिऊन परतला.

आमच्याकडे एक नियम होता. प्रत्येक लाल ओळीची नोंद वहीत करायची आणि पुढे कारण लिहायचं. 'कारण सापडले नाही' असं लिहिलेलं साहेबांना चालत नसे. महिनाअखेर ते वही मागवत आणि मास्तरांना सगळ्यांसमोर उभं करून विचारत, "पुन्हा सात नंबर? तुम्ही करता काय इथे?" शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं व्हायचं. असं तीन महिने चाललं. चौथ्या महिन्यात मास्तरांनी वायरमनला सांगून माझ्या सातव्या ओळीची शिट्टी तेवढी कापून टाकली. तरी लाल अक्षरं दिसतच होती. मग एका दुपारी त्यांनी वायरमनच्या पिशवीतली काळी चिकटपट्टी घेतली, एक वीतभर तोडली आणि माझ्या काचेवर, बरोबर सातव्या ओळीवर, अंगठ्याने दाबून बसवली.

"खोटारडी ओळ आहे," मास्तर म्हणाले. "दिसली नाही की लिहायला नको."

काकू हसल्या. सगळेच हसले. वही कोरी राहू लागली आणि साहेबांनी मास्तरांचं कौतुक केलं. मित्रांनो, मला राग आला होता, पण थोडी शरमही वाटत होती. शेकडो वेळा मी 'बंद' लिहिलं होतं आणि शेकडो वेळा ते खरं नव्हतं. मला जे कळलं तेच मी लिहिलं, हे खरं. पण ऐकणाऱ्याला त्याचं काय?

आठ महिने ती पट्टी तशीच होती. लोक ती आहे हे विसरूनही गेले.

मग तो दिवस आला. सकाळी एका ट्रकने कॉलेजच्या मुलीला चिरडलं. लोकांनी ड्रायव्हरला खाली खेचून इतकं मारलं की त्याला उचलायला गेलेल्या आमच्या माणसांना तो कोणत्या बाजूने धरावा ते कळेना. मग ट्रक पेटला, मग बस, मग दुकानं. दहा वाजेपर्यंत कोण कुणाला आणि कशासाठी मारतंय हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. काकूंच्या कानाला लावलेल्या फोनमधून किंचाळ्या बाहेर ऐकू येत होत्या. एका माणसाने पत्ता सांगता सांगता "आले, आले" म्हटलं आणि नंतर नुसतं दार फुटल्याचा आवाज आला. काकूंनी तेवढ्याच अर्ध्या पत्त्यावर गाडी पाठवली. आमच्या गाड्यांनाही सोडलं नाही. एका ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं डोकं सळईने फोडलं. आत झोपवलेल्या जखमीनेच उठून गाडी दवाखान्यात नेली.

अकराच्या सुमाराला दगड आमच्याही खिडकीतून आले. एक थोरल्याच्या दारावर आपटला. एक काकूंच्या कपाळाला लागला. रक्त भुवईवरून खाली उतरलं. त्यांनी पदर दाबून धरला, दुसऱ्या हाताने टाइप करत राहिल्या आणि फोनवरच्या बाईला म्हणाल्या, "घाबरू नका, मी आहे ना. पत्ता सांगा."

मास्तर माझ्यासमोरून हलले नाहीत. मेमरी भरली, त्यांनी छपाई बंद केली. डिस्क भरली, त्यांनी जुन्या नोंदी काढून टाकल्या. तिसरी वाट मंद झाली, त्यांनी तिचे फोन चौथीवर वळवले. अकरा ओळींवर त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. त्या दिवशी त्यांच्याइतकं चांगलं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला जड जातं.

पावणेबारानंतर पुलापलीकडून एकही फोन आला नाही. एवढ्या गदारोळात ते प्रथम मास्तरांच्या लक्षात आलं. "पलीकडे शांत आहे," ते म्हणाले. "तिकडच्या गाड्या इकडे घ्या." पलीकडच्या स्टेशनातले तिन्ही बंब आणि चारही ॲम्ब्युलन्स पुलावरून अलीकडे आल्या. काकूंनीच ते हुकूम टाइप केले. त्यांची एकुलती एक लेक पलीकडे शिवणकामाच्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर कामाला होती. हुकूम सोडल्यावर त्या घोटभर पाणी प्यायल्या.

"बरं झालं बाई, ती आज त्या बाजूला आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या.

आणि मित्रांनो, पट्टीखाली मी लाल होतो. या वेळी खरा. अकरा चाळीसला जमावाने पुलाच्या तोंडाशी असलेला तो केबल-डबा कुदळींनी फोडला होता आणि पेट्रोल ओतून जाळला होता. पलीकडून कुणीही फोन लावला तरी त्याला एंगेजचा टोन ऐकू येत होता. थोरला दर अर्ध्या मिनिटाला सातव्या वाटेला हाक मारत होता, आणि दर अर्ध्या मिनिटाला मी 'बंद' लिहीत होतो. मला ओरडायचं होतं. शिट्टी कापलेली होती. माझं चित्र थरथरायला लागलं, तर मास्तरांनी मला एक थप्पड दिली.

तीन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस धडपडत आत आला. शिवणकामाच्या कारखान्याचा राखणदार होता तो. केस जळलेले, सदऱ्याची एक बाही कातड्याला चिकटलेली. पुलावरून पळत आला होता. दारात उभा राहून त्याने आधी सगळ्यांकडे पाहिलं.

"तास झाला फोन लावतोय आम्ही," तो म्हणाला. "सारखा एंगेज. एवढं कुणाशी बोलत होता तुम्ही?"

"कुठून आलात?" मास्तरांनी विचारलं.

"पुलापलीकडून. शिवणाचा कारखाना. खाली जिना पेटवलाय. तिसऱ्या मजल्यावर पोरी अडकल्यात. स्टेशनात गेलो तर एक बंब नाही तिथे."

काकूंनी कानावरचा फोन काढून टेबलावर ठेवला. कपाळावरचा पदर गळून पडला. त्या चालत माझ्यासमोर आल्या. दोन बोटांनी टकटक केली नाही. पट्टीच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि एका ओढीत ती काढली.

बंद. शेवटचं उत्तर अकरा चाळीस.

खोलीत सगळे फोन वाजत होते आणि कुणी उचलत नव्हतं. मास्तरांनी ती वेळ वाचली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा ती वेळ वाचली. मग टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचलून त्यांनी सगळ्या ताकदीनिशी माझ्या तोंडावर हाणलं. पुढची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. तिचे तुकडे त्यांच्याच हातात घुसले. आतली नळी कशी वाचली ते माझं मलाच माहीत नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला. मी फुटलो असतो तर त्यांचा चेहरा राहिला नसता.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"त्याला कशाला मारता, मास्तर?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तो सांगत होता."

मग त्या मास्तरांच्या खुर्चीत बसल्या, कारण मास्तरांच्या हातातून रक्ताची धार लागली होती, आणि काकूंनी स्वतःच्या बोटांनी पाच बंब आणि सहा ॲम्ब्युलन्स पुलापलीकडे सोडल्या. पत्ता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

गाड्या पोचायला पस्तीस मिनिटं लागली. तिसऱ्या मजल्यावरून अकराजणी खिडकीतून उड्या टाकून वाचल्या, कुणाचे पाय मोडले, कुणाची कंबर. नऊजणी गेल्या. काकूंची लेक त्या नवांत होती.

वाचलेल्यांपैकी एकीने पुढे चौकशीत जे सांगितलं ते मी ऐकलं, कारण मीही तिथे होतो, गळ्यात 'मुद्देमाल' अशी चिठ्ठी बांधून घेतलेला. ती म्हणाली, "आम्ही तिला म्हटलं, चल, उडी मार. ती फोन सोडेना. एंगेज आला की ठेवायची, परत फिरवायची. म्हणाली, लागेल, तिकडे माझी आई आहे, ती उचलेल."

काकू समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि दोन बोटं हळूहळू हलत होती. माझ्या पोटात हवा नाही, मित्रांनो, म्हणून मला हुंदका देता येत नाही. नाहीतर त्या दिवशी दिला असता.

मास्तरांनी चौकशीत स्वतःहून सगळं कबूल केलं. वहीचं, शिट्टीचं, पट्टीचं. त्यांची दोन बोटं नंतर कधी वाकली नाहीत. साहेब मात्र वही कोरी होती एवढंच म्हणाले. शेवटी अहवालात एक ओळ आली: 'सातव्या वाटेबाबत मॉनिटर पूर्वीपासूनच अविश्वसनीय होता.' सगळं खापर माझ्या माथ्यावर फोडून सगळे घरी गेले. मास्तर नोकरी सोडून गेले, ते परत दिसले नाहीत.

काकू परत आल्या. आल्या त्या फोनवर बसल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची मागून घेतली. पुढची नऊ वर्षं त्यांनी माझ्या तडकलेल्या काचेतून बारा ओळी वाचल्या. शिट्टी पुन्हा जोडून घेतली. केबल-डबा सावलीत हलवायला लावला. साहेबांच्या दारात रोज जाऊन बसल्या तेव्हा कुठे ते झालं. कुठलीही ओळ लाल झाली, खरी असो वा खोटी, की त्या उठून स्वतः त्या भागात फोन लावत आणि पलीकडून कुणी उचललं की विचारत, "ऐकू येतंय ना? बरं. काही नाही, सहज केला." वही भराभर भरू लागली. कारणाच्या रकान्यात त्या बेधडक लिहीत, 'कारण सापडले नाही. फोन करून पाहिला.'

पट्टीचा डिंक माझ्या काचेवर राहिला होता. त्यावर धूळ बसून सातवी ओळ अंधूक दिसायची. काकू रोज कामावर आल्या की आधी तो डिंक अंगठ्याच्या नखाने खरवडत. नऊ वर्षांत बराचसा गेला. थोडा अजून आहे.

पुढे थोरला म्हातारा झाला. त्याला पहारींनी उचकटलं, घणाने ठोकलं आणि तुकडे करून भंगारात नेलं. आयुष्यभर ज्याने शहराला गाड्या पाठवल्या त्याला न्यायला एक हातगाडी आली. काकू त्याच्या आदल्या वर्षीच निवृत्त झाल्या होत्या. जाताना त्यांनी मला उजव्या अंगाला दोन बोटांनी टकटक केली. माझं चित्र तेव्हा अजिबात थरथरत नव्हतं.

तर मित्रांनो, आता मी इथे आहे. धूळ पुसावी, नवी काच बसवावी, असं काही मी तुमच्याजवळ मागणार नाही. मारायचं असेल तर एखादी थप्पडही मारा, सवय आहे मला. माझी तक्रार एकच आहे. मागच्या महिन्यात शाळेच्या शिपायाने माझ्या काचेवर एक चिठ्ठी डकवली. तिच्यावर लिहिलं आहे, 'नादुरुस्त. हात लावू नये.' आणि काचेवर एवढी जागा असताना त्याने ती नेमकी सातव्या ओळीवर चिकटवली. त्याचा दोष नाही. तिथे जुना डिंक होता, चिठ्ठी लगेच बसली.

तुमच्यातल्या कुणाचं नख वाढलेलं असेल तर जाताना तेवढी काढा. खाली काही दिसणार नाही, माझा प्लग कधीच काढला आहे. तरी एकदा काढून बघा.